पट्टी काय बोलली

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या घाटनांदूरची हवा पिवळसर होते. मळणीयंत्रातून उडालेला भुसा उंबऱ्यावर, वाळत घातलेल्या साड्यांवर, चहावरच्या सायीवर येऊन बसतो. दुपारचं ऊन अंगातलं पाणी शोषून घेतं आणि पहाटे मात्र पांघरूण शोधावं लागतं. बालाघाटाच्या डोंगरातून सीताफळांच्या पाट्या उतरतात. स्टेशनासमोर बायका त्या मांडून बसतात आणि पिकलेल्या फळांचा गोड, किंचित आंबूस वास रस्त्यावर रेंगाळत राहतो. याच दिवसांत रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभे राहू लागतात. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, गोणपाटात गुंडाळलेले कोयते, पाय बांधलेली एखादी शेळी. माणसं ऊसतोडीला निघालेली असतात.

सगळा जन्म हे पाहत आल्यामुळे मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा दसऱ्यानंतर वर्गातले बाक रिकामे व्हायचे. मी हजेरीपटावर खूण करून पुढचा धडा घ्यायचे. पण दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरपासून हे दिवस आले की माझा गोंधळ उडतो. त्या ऑक्टोबरात मी एक चूक केली. किंवा एक चांगलं काम केलं. नेमकं काय केलं हे ठरवायला मी दरवर्षी बसते आणि न ठरवताच उठते.

सुरुवात एका फोनने झाली. मला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. एका वैद्यकीय महाविद्यालयातून कारकून बोलत होता. म्हणाला, "बाई, आमच्या नैतिकता समितीवर एक सामान्य माणूस लागतो. तुमचं नाव सुचवलंय."

माणसांवर कसलंही संशोधन करायचं तर आधी या समितीची परवानगी घ्यावी लागते, हे मला तेव्हा कळलं. समितीवर डॉक्टर असतात, वकील असतो, अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते. आणि ज्याला यातलं काही कळत नाही असा एक जण असावाच लागतो. काही न कळणं ही माझी पात्रता. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या जागेसाठी मी इतकी योग्य ठरले होते.

माझ्यापुढे आलेला पहिला प्रस्ताव डॉक्टर आयेशाचा. ती महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायची. मूळची बीड शहरातली, वडील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे मिस्त्री. तिशी ओलांडलेली, बोलताना हातातलं पेन सारखं उघडझाप करणारी. तिचं म्हणणं असं होतं की, उन्हात राबून आणि पाणी कमी पिऊन ऊसतोडीच्या बायकांच्या मूत्रपिंडांना इजा होत असावी. रक्ताच्या तपासणीत ती दिसते, पण फार उशिरा. पुण्याच्या ओंकार नावाच्या इंजिनिअरने एक कागदी पट्टी तयार केली होती. लघवीत बुडवायची, इजा सुरू झाली असेल तर पट्टीवर जांभळी रेघ उमटणार. निदान तशी आशा होती. डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र येऊन काम करणार म्हणून त्यांना एक छोटा निधी मिळाला होता, एका वर्षापुरता. कल्पनेत जीव आहे का, एवढंच पाहण्यासाठी.

प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर 'ट्रान्सलेशनल' असा शब्द होता. भाषांतर म्हणजे तर माझाच प्रांत. मला वाटलं, हे सगळं मराठीत आणायचं म्हणून मला बोलावलंय. दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले, आठ पानं मराठीत उतरवली आणि आयेशाच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिने ती वाचली. हसू आवरत म्हणाली, "बाई, याचा अर्थ तसा नाही. प्रयोगशाळेत सापडलेलं माणसापर्यंत पोचवायचं, त्याला हे नाव आहे." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "पण तेही भाषांतरच की. आणि हे आमचं संमतीपत्र बघा. याला खरंच तुमची गरज आहे."

ते संमतीपत्र मराठीतच होतं, असं त्याच्यावर लिहिलेलं होतं. 'सहभागींच्या मूत्र-नमुन्यातील जैवसूचकांच्या पातळीचे मूल्यमापन' असं काहीतरी. अध्यक्षांनीही ते माझ्याकडे सरकवलं. "बाई, हे माणसांना कळेल असं करा."

मी मन लावून केलं. एका वाक्यापाशी मात्र अडले. नव्या पट्टीचा निकाल बायकांना सांगायचा नाही, अशी त्यात अट होती. मला ते विचित्र वाटलं. माझ्या अंगातलं काढून घ्यायचं आणि मलाच सांगायचं नाही? मी आयेशाला तसं विचारलं.

"आमचे अब्बा नवा मीटर आणला की आधी जुन्या, भरवशाच्या मीटरला लावून बघतात," ती म्हणाली. "दोन्ही काटे सारखे हलले तरच नवा मीटर कामाला घेतात. आमची पट्टी नवी आहे, बाई. ती अजून कशालाच लावून पाहिलेली नाही. तिच्या भरवशावर एखादीला 'तुम्ही आजारी आहात' म्हणायचं आणि ते खोटं निघालं तर? किंवा 'ठणठणीत आहात' म्हणायचं आणि तेच खोटं निघालं तर? रक्ताचा रिपोर्ट सांगायचा. पट्टीचा नाही."

पटलं. मी लिहिलं : 'या नव्या पट्टीचा निकाल आम्ही तुम्हाला सांगणार नाही, कारण ती पट्टी खरं बोलते की खोटं, हे आम्हालाच अजून माहीत नाही.' बैठकीत हे वाक्य सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं. घरी येताना बसमध्ये मी ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं, हे कबूल करायला हवं.

शिबिर नांदूरघाटला ठरलं, मी जिथे बरीच वर्षं शिकवलं त्या शाळेत. समितीतल्या एकाने जाऊन बघायचं असतं, तर मीच जाते म्हणाले. त्या सकाळी मी निघायच्या तयारीत असताना दारात एक पांढरी गाडी थांबली. एक घामाघूम तरुण थर्माकोलची पेटी छातीशी धरून उतरला.

"मॅडम, शाळा कुठे आहे? स्टेशनवर शाळेच्या बाई म्हणून तुमचं घर दाखवलं."

"कुठली शाळा?"

"नांदूरघाटची."

तो ओंकार होता. पुण्याहून पहाटे निघून घाटनांदूरला पोचला होता. जायचं होतं नांदूरघाटला, केज तालुक्यात. आमच्या जिल्ह्यात या दोन नावांनी पत्रं चुकतात, वऱ्हाडं चुकतात. त्याच्या मोबाईलने चूक केली यात नवल नव्हतं. पेटीत त्या पट्ट्या होत्या आणि त्या थंड ठेवायच्या होत्या. बर्फाचं पाणी होऊन पेटीच्या तळाशी खुळखुळत होतं. मी आइस्क्रीमच्या दुकानातून बर्फ आणून दिला आणि त्याच्याच गाडीत बसले. वाटेत तो दर दहा मिनिटांनी पेटी उघडून आत हात घालून बघायचा. "खराब झाल्या नसतील ना?" असं तो मला विचारत होता. मला! मी म्हणाले, "नसतील." सामान्य माणसाचं शास्त्रीय मत.

आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात गर्दी होती आणि प्रत्येकीच्या हातात रिकामी पिशवी. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी माझा कागद वाचून दाखवला होता आणि त्यात 'सीड ग्रँट'साठी मी मोठ्या हौसेने 'बीजनिधी' असा शब्द घातला होता. गावात बातमी पसरली की बियाणं मिळणार आहे.

चाळिशीतली एक उंच, हाडापेराने मजबूत बाई पुढे आली. तिचं नाव कलावती. "बाई, हरभऱ्याचं हाय का करडईचं?"

मी काय सांगणार? आयेशाच पुढे झाली. "मावशी, ते बियाणं आमच्यासाठी आहे. सरकारने आम्हाला दिलंय."

"मंग तुमी काय पेरनार?"

"एक पट्टी."

कलावतीने तिच्याकडे खालून वर पाहिलं. "आन् न्हाई उगवली तर?"

"तर न्हाई उगवली, तेवढं लिहून द्यायचं."

बायका हसल्या. काही जणी पिशव्या झटकून घरी गेल्या. कलावती थांबली. वर्गभर बायका थांबल्या.

माझ्याच जुन्या वर्गात सगळ्या बसल्या होत्या, सहावीच्या लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. आशाताई संमतीपत्र वाचणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "मी वाचते की. बाईंचं लिवलेलं हाय."

ती मनकर्णा होती. मी ओळखलं ते आवाजावरून. आठवीत धडा वाचायला मी नेहमी तिलाच उभी करायचे. नववीत असताना तिचं लग्न लागलं आणि मी हजेरीपटावर तिच्या नावावर रेघ मारली. आता ती तिशीपुढची होती, उन्हाने करपलेला चेहरा, तळहातावर घट्टे. पण स्वल्पविरामाला थांबायची तिची पद्धत तीच होती. तिने सगळा कागद मोठ्याने वाचला. पट्टीच्या त्या वाक्याशी आल्यावर थांबली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे बी तुमीच लिवलंय न्हवं?"

"हो."

"कळतंय वाचताना." आणि तिने सही केली. तिने केली म्हणून बाकीच्यांनी अंगठे उठवले, कलावतीनेही. माझी मराठी सोपी होती आणि तिचा आवाज खणखणीत होता. त्या दोन्हींच्या भरवशावर बायका बसल्या होत्या. त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला. नंतर त्याचीच भीती वाटू लागली.

आयेशा एकेकीला प्रश्न विचारत होती. मनकर्णेला तिने विचारलं, "फडात असताना दिवसाला पाणी किती पिता?"

"सकाळी तांब्याभर. मंग भाकरीसंगं थोडं."

"एवढ्या उन्हात? इतकं कमी का?"

मनकर्णेने आजूबाजूला पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरीनबाई, पाणी पिलं की जावं लागतंय. फडात गडीमानसं असतेत. ऊस उभा हाय तवर आडोसा. तोडला की मोकळं रान. आन् तोडायचं तर आमालाच हाय."

आयेशाचं पेन उघडझाप करायचं थांबलं. तिने उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं.

दुपारनंतर पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. नावं नव्हती, नुसते क्रमांक. बहुतेकींवर काहीच नव्हतं किंवा पुसट सावली. सतरा नंबरच्या पट्टीवर मात्र रेघ उमटली होती, पिकल्या जांभळाच्या रंगाची. ओंकार तिच्यावर वाकला, तिचा फोटो घेतला. मी मनकर्णेच्या हातातलं कार्ड सकाळीच पाहिलं होतं. सतरा.

मी कुणाला काही बोलले नाही. नियम मीच लिहिला होता.

दोन दिवसांनी आयेशाचा फोन आला. तिने जपून ठेवलेला तो नमुना पुन्हा तपासला होता, दुसऱ्या पट्टीवर, मग तिसऱ्या. तीच जांभळी रेघ. पण रक्त अगदी व्यवस्थित. "म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे पट्टीला जे आधी दिसायला हवं, ते तिला दिसतंय. किंवा पट्टी चुकतेय. बाई, याच्यासाठीच तर अभ्यास आहे. पण ती चार दिवसांत तोडीला चाललीये." मग म्हणाली, "मी समितीला विचारते. मला एकटीला हे पेलत नाही."

तातडीची बैठक भरली. पंखा कुरकुरत होता आणि सगळे अगदी सभ्यपणे एकमेकांचं म्हणणं खोडत होते. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, ज्या गोष्टीचा अर्थ आपल्याला कळत नाही, ती रुग्णाला सांगणं म्हणजे नुसती भीती देणं. वकील म्हणाले, एकीला सांगितलं तर सगळ्यांना सांगावं लागेल, मग अभ्यास उरत नाही. एक तरुण डॉक्टर म्हणाली, आणि ती आजारी पडली तर? प्रत्येकाचं ऐकताना मला तेच बरोबर वाटायचं. दुसऱ्याने तोंड उघडलं की ते बरोबर वाटायचं. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं मत?"

मी म्हणाले, "मला कळत नाही."

ते नोंदवून घेण्यात आलं.

ठरलं ते असं : पट्टीचा निकाल कुणालाच सांगायचा नाही. पण सगळ्या बायकांना सारखाच सल्ला द्यायचा. पाणी भरपूर प्या, दुपारी सावलीत बसा, पायावर सूज आली किंवा लघवी कमी झाली तर जवळच्या दवाखान्यात जा. शहाणपणाचा निर्णय होता. मी हात वर केला.

सल्ला द्यायला आयेशा आणि मी नांदूरघाटला गेलो, तेव्हा ट्रॅक्टर भरायचं काम चाललं होतं. सकाळचं ऊन, डिझेलचा वास, कोंबड्यांची फडफड, कुणाचं तरी लेकरू आजीला सोडायला तयार नव्हतं. आयेशा एका ट्रॉलीपाशी बायकांना गोळा करून सांगत होती. कलावती ऐकत होती, मान डोलवत होती. तिची टोळी कर्नाटकाकडे चालली होती, मनकर्णेची साताऱ्याच्या बाजूला. मनकर्णा गाठोडं आवळत होती. मला पाहून तिने गाठ अर्धीच सोडली आणि मला ट्रॉलीच्या आडोशाला घेतलं.

"बाई, माझी पट्टी काय बोलली?"

"ते सांगायचं नाही असं ठरलंय. तूच वाचलं होतंस."

"वाचलंतं. पण डॉक्टरीनबाई मगापासून माझ्याकडंच बगून बोलायल्यात. कावून?"

वर्गात कुणी विचारलं आणि मला येत नसलं, तर 'माहीत नाही' म्हणायला मी कधी लाजले नव्हते. पण माहीत असताना 'माहीत नाही' म्हणायची मला सवय नव्हती. आणि खरं तर मला माहीत तरी काय होतं? रेघ माहीत होती. रेघेचा अर्थ माहीत नव्हता.

"गडद आली," मी म्हणाले.

"म्हंजी मी आजारी हाय?"

"माहीत नाही. रक्त चांगलं आलंय."

"मंग पट्टी खोटी?"

"तेही माहीत नाही, मनू."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "बाई, मंग सांगितलंच कावून?" असं ती म्हणाली, आणि लगेच, "बरं झालं सांगितलं." दोन्ही एका श्वासात. तिच्या नवऱ्याने पुढून हाक मारली, "अगं चल की!"

"जाऊ का नगं?" तिने विचारलं. मग तीच म्हणाली, "नवरा-बायकू मिळून एक कोयता असतो, बाई. मी उतरले तर ऱ्हायलेला अर्धा कोयता कोन घेतंय?" तिने गाठ आवळली, चाकावर पाय ठेवून वर चढली आणि ट्रॉली हलली. आयेशा दुसऱ्या टोकाला पाण्याचं महत्त्व सांगत होती. मी तिला काही बोलले नाही. परतताना ती म्हणाली, "बाई, आपण बरोबर वागलो ना?" मी म्हणाले, "हो."

तो हिवाळा मी कसा काढला, सांगता येत नाही. अंगणात ज्वारी निवडताना, भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा. समजा पट्टी खोटी असेल, तर मी एका धडधाकट बाईला पाच महिन्यांची भीती दिली. खरी असेल, तर मी तिला आजार सांगून उन्हात पाठवलं. कधी वाटायचं, त्या दिवशी ओंकारच्या पेटीतला बर्फ वितळला त्याचाच हा परिणाम असेल. मग वाटायचं, तसं असतं तर सगळ्याच पट्ट्या जांभळ्या व्हायला हव्या होत्या. असलं शास्त्र मी एकटीच करत बसायचे.

इकडे आयेशाची निराळीच ओढाताण चालली होती. निधीचं वर्ष मार्चला संपत होतं आणि बायका परतणार होत्या एप्रिलमध्ये. निधी देणाऱ्यांच्या दिनदर्शिकेत ऊस नव्हता. तिने पत्रं लिहिली, विनवण्या केल्या. शेवटी मुदत वाढवून मिळाली, पण वाढीव पैसा नाही. उरलेल्या पट्ट्या तिने विभागाच्या फ्रीजमध्ये जपून ठेवल्या होत्या. ओंकारने तोवर दुसरी नोकरी धरली होती, तरी तो रजा टाकून आला. या खेपेला बरोबर नांदूरघाटला पोचला.

एप्रिलच्या त्या सकाळी शाळेत आलेल्या बायका ओळखू येत नव्हत्या, इतक्या काळवंडल्या होत्या. मनकर्णाही तशीच. पण चालणं तुरुतुरू. मला पाहिल्यावर लांबूनच म्हणाली, "पानी पिले बरं का, बाई!" मग तिने सांगितलं. जुन्या साडीचे दोन तुकडे आणि चार काठ्या घेऊन तिने एक आडोसा केला होता, फड सरकेल तसा तो सरकवत न्यायची. पहिले आठ दिवस टोळीतल्या बाया हसल्या. नवरा म्हणाला, इथं काय सरकस लावलीस का. मग बाया एकेक करून तिथंच जायला लागल्या आणि पाण्याचा ड्रम दुपारीच संपायला लागला. मुकादम कुरकुरला, पण दुसरा ड्रम आला.

तिची पट्टी कोरी आली. रक्तही चांगलं.

कलावती आली तीच कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन. पायावर सूज, चेहरा फुगलेला. ऑक्टोबरात तिची पट्टी अगदी स्वच्छ होती. आयेशाने तिचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्याच दिवशी आपल्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. दोन्ही मूत्रपिंडांचं काम निम्म्याच्याही खाली आलं होतं. औषधं सुरू झाली, ती आजही चालू आहेत. कोयता मात्र कायमचा सुटला.

पुढच्या आठवड्यात आयेशाने मला बोलावलं. तिच्यापुढे कागद पसरले होते. "सतरा नंबर मला कळतच नाही, बाई. एवढी गडद रेघ, आणि पाच महिने ऊस तोडून ती बरी होऊन परत आली? म्हणजे पट्टी चुकली असं धरायचं?"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. "मी तिला सांगितलं होतं," मी म्हणाले. "निघताना. तिने विचारलं, मी सांगितलं. म्हणून ती पाणी पीत होती."

खाली आवारात कुणी तरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. आयेशाने फूटपट्टी ठेवून, पेन्सिलीने सतरा नंबरच्या ओळीवर सरळ रेघ मारली.

"तुम्ही चांगलं केलं की वाईट, मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "पट्टी खरी होती आणि तुमच्या सांगण्याने ती वाचली, असंही असेल. पट्टी खोटी होती आणि ती तशीही धडधाकटच राहिली असती, असंही असेल. आता हे कधीच कळणार नाही. तुम्ही सांगितलंत, त्या क्षणी ते कळायची वाट बंद झाली." आवाजात राग नव्हता. थकवा होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण बाई, कलावतीने विचारलं असतं तर?"

तो प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. कलावतीने विचारलं असतं, तर मी मोठ्या आनंदाने म्हणाले असते, तुझी पट्टी स्वच्छ आहे गं. आणि ती निर्धास्त होऊन गेली असती. म्हणजे नियम बरोबर होता. आणि मनकर्णेच्या बाबतीत मोडला, तेही बरोबर होतं? माझ्या कागदातल्या त्या एकाच वाक्याने एकीला जपलं असतं आणि एकीला दगा दिला असता. मी उभं आयुष्य मुलांना वाक्याचा अर्थ सांगण्यात घालवलं. या वाक्याचा अर्थ मला लागत नाही.

मी समितीला लेखी कळवलं आणि राजीनामाही दिला. अध्यक्षांनी माझी चूक रीतसर नोंदवली. राजीनामा परत करत म्हणाले, "असू द्या बाई. आपण चुकलो हे सांगणारा माणूस समितीवर लागतो." त्या छोट्या निधीच्या अहवालात शेवटी काय लिहिलं गेलं? की अजून काही सांगता येत नाही, अधिक अभ्यास हवा. आयेशाने मोठ्या निधीसाठी अर्ज केला. एकदा नाकारला गेला. यंदा मंजूर झालाय. तिने फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत होती की रडत होती, तेही मला कळलं नाही.

मनकर्णा यंदाही चाललीये. मुकादमाला शब्द देण्याआधी तिने विचारून घेतलं म्हणे, आडोशाला ताडपत्री देणार का. तो हो म्हणाला.

परवा मी नांदूरघाटला कलावतीकडे गेले. ऊन उतरत होतं. ती ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. सून आत चहा टाकत होती. समोरच्या रस्त्यावर ट्रॉल्या भरत होत्या आणि ती तिकडे बघत नव्हती. तिने आजवर मला कधीही विचारलेलं नाही की तिची पट्टी काय बोलली होती. मीही सांगितलेलं नाही. काय सांगू?

चहा पिऊन झाल्यावर तीच म्हणाली, "बाई, त्या डॉक्टरीनबाई यंदा बी येनार हायत ना?"

"हो. पुढच्या आठवड्यात."

"मंग माझं नाव लिवा म्हणावं."

"तुला आता कशाला गं?"

"मला न्हाई. मला कळून काय करायचंय आता? पर मी आदी चांगली हुते, मंग अशी झाले, हे त्यांच्या कागदावर हाय न्हवं? आता फुडचं बी बगा म्हणावं. दुसरीला कळंल."

नव्या अभ्यासात तोडीला जाणाऱ्या, निरोगी बायकाच घ्यायच्या आहेत. ती अट मीच मराठीत लिहिली आहे. मी ते बोलणार होते. तोंड उघडलंसुद्धा.

तिने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले आणि आपलं नाव सांगितलं. नवऱ्याचं, मग आडनाव, सगळं नीट, सावकाश, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून थांबत थांबत. मी पिशवीतून वही काढली आणि लिहून घेतलं. कुठल्या यादीत ते बसतं, मला माहीत नाही. अक्षर मात्र चांगलं काढलं.